पीएचक्यू-९ : डायलिसिसच्या खाटेवर नऊ प्रश्नांचा कागद कितपत चालतो?

पीएचक्यू-९ (पेशंट हेल्थ क्वेश्चनेअर) म्हणजे नैराश्य आहे का हे चाचपायचा एका पानाचा फॉर्म. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के या अमेरिकी मंडळींनी फायझर कंपनीच्या पैशावर तो तयार केला, आणि २००१ साली त्याची पारख प्रसिद्ध झाली. छापायला, वाटायला, भाषांतर करायला कुणाची परवानगी लागत नाही. मराठीतही मिळतो. खर्च काय तो झेरॉक्सचा. ‘गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला’ असं नऊ गोष्टींबद्दल विचारायचं. प्रत्येकीला चार उत्तरं: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. एकूण गुण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, विसापासून तीव्र. रेघ दहावर: तिथून पुढे नैराश्याचा संशय धरायचा. डायलिसिसच्या रुग्णांवर २००५ साली ताडून पाहिलं तेव्हाही ती दहालाच ठीक बसली.

आता आपल्याकडच्या डायलिसिस युनिटमध्ये हा कागद वापरण्याजोगा आहे का? आहे. पण नुसती शेवटची बेरीज बघून वापरला तर तो हमखास फसवतो. कसा, ते एका आकड्यातून कळतं. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१३ साली हिशेब मांडला गेला. वेगवेगळ्या प्रश्नावल्या देऊन मोजलं तर डायलिसिसवरच्या शंभरातल्या सुमारे ३९ जणांना नैराश्य निघालं. समोर बसून रीतसर मुलाखत घेतली तर सुमारे २३ जणांना. हे मधले सोळा जण कोण? या फरकाची कारणं अनेक असतील, पण एक मोठं कारण फॉर्मच्या पोटातच आहे. नवातले पाच प्रश्न झोप, थकवा, भूक, लक्ष लागणं आणि हालचाल यांबद्दल आहेत, आणि किडनी निकामी झालेल्या माणसाचं यातलं एखादं तरी बिघडलेलं असतंच. या पाचांचे मिळून १५ गुण होतात. म्हणजे मनाने ठणठणीत असलेला माणूस केवळ अपुऱ्या डायलिसिसच्या जोरावर दहाची रेघ ओलांडू शकतो.

म्हणून फॉर्म एकेका प्रश्नाने पाहू. क्रम मुद्दाम उलटसुलट आहे.

झोपेचा प्रश्न, तिसरा. पहिल्या शिफ्टचा रुग्ण पहाटे चारला उठून एसटी किंवा रिक्षा पकडतो, आणि मग खाटेवर चार तासांतले दोन तास झोपतो. रात्री झोप कुठून लागणार? शिवाय खाज आहे, पायांची तगमग आहे, पोटऱ्यांत गोळे आहेत. ‘झोप लागत नाही’ याला डोळे मिटून ३ लिहू नये. पुढचा प्रश्न विचारावा: जाग कशाने येते? खाजेने आली तर फॉस्फरसचा रिपोर्ट आणि डायलिसिस पुरेसा होतोय का हे पाहायचं. पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल तर लोहाची तपासणी. घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर तो वेगळाच आजार. पण पहाटे तीनला जाग येते, पुढे विचारच विचार, आणि खाज-बीज काही नाही, असं उत्तर आलं तर कान टवकारावेत.

थकवा, चौथा. यात जवळजवळ सगळेच २ किंवा ३ देतात, त्यामुळे एकटा हा प्रश्न फारसं काही सांगत नाही. त्याला जोडून एक प्रश्न विचारला तर मात्र खूप कळतं: ‘डायलिसिस झाल्यावर मूळपदावर यायला किती वेळ लागतो?’ चहा पिऊन दोन तासांत बरं वाटणारा माणूस आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अंथरुणात पडून राहणारा माणूस, दोघांच्या फॉर्मवर ३ च असतो. दुसऱ्याचं बहुधा दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी साठून वजन खूप वाढून येतं आणि चार तासांत फार पाणी ओढलं जातं. किलोमागे तासाला १३ मिलीच्या वर पाणी काढलं की बीपी पडणं, गोळे येणं आणि नंतर गळून जाणं वाढतं. ६० किलोच्या माणसाला हा हिशेब चार तासांत साधारण तीन लिटर येतो. चार लिटर वाढवून आलेल्याचा थकवा मनाच्या खात्यात लिहिण्याआधी हे गणित करावं. हिमोग्लोबिनही बघावं.

भुकेचा पाचवा प्रश्न आपल्या जेवणाच्या संदर्भात तर जवळजवळ निकामी आहे. केळं बंद, नारळपाणी बंद, मीठ मोजून, लोणचं-पापड विसरा, भाजी चिरून भिजवून पहिलं पाणी फेकून शिजवलेली. यावर ‘जेवणावर वासना नाही’ असं कुणी म्हटलं तर ते निव्वळ प्रामाणिक उत्तर आहे. तोंडाला येणारी कडू-खारट चव युरियामुळेही असते. विचारायचं ते असं: घरच्यांनी पथ्यात बसणारं आवडीचं काही केलं तर दोन घास जास्त जातात का?

सातव्यात पेपर वाचताना, टीव्ही पाहताना लक्ष लागतं का असं विचारलंय. डायलिसिसवरच्या पुष्कळ जणांना मुळात मधुमेह आहे, आणि मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब झालेला असतो. ‘पेपर वाचवत नाही’ याचा अर्थ अक्षरच दिसत नाही असा असू शकतो. अशांना कीर्तन, बातम्या, क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना धागा राहतो का, हे विचारावं. नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं गाबापेंटिन किंवा प्रीगाबालिन किडनीवाटेच बाहेर पडतं. डोस कमी केला नसेल तर माणूस पेंगतो, गोंधळतो, हातांना झटके येतात. वरून बघणाऱ्याला वाटतं, मनाने खचलाय.

आठवा प्रश्न हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझारा यांचा. इथेही एक औषध पाहून घ्यावं: मळमळीसाठी दिलेलं मेटोक्लोप्रमाइड. किडनीच्या रुग्णात ते साठून राहतं आणि एका जागी बसवत नाही अशी तगमग करतं.

हे झाले शरीराचे पाच. मनाचे उरले चार.

पहिला प्रश्न रस वाटण्याचा. हा फॉर्ममधला सर्वांत कामाचा प्रश्न, फक्त नीट विचारला पाहिजे. ‘भजनाला जावंसं वाटतं, पण संध्याकाळची शिफ्ट असते’ याला शून्य. ‘भजन घरासमोरच चालू असतं, तरी उठावंसं वाटत नाही’ याला तीन. जमत नाही आणि नकोसं वाटतं यांतली फट छापील वाक्यात पकडली जात नाही. विचारणाऱ्याने ती पकडायची.

दुसरा उदास, निराश वाटण्याचा. आपल्याकडे खाटेवरचा माणूस ‘मी निराश आहे’ असं क्वचित म्हणतो. ‘करमत नाही’, ‘कशात जीव लागत नाही’, ‘कंटाळा आला बघा’, ‘चाललंय आपलं’ हे शब्द येतात. त्यातही पुरुष रडत नाहीत, चिडतात: सुई एका फटक्यात लागली नाही म्हणून टेक्निशियनवर, डबा उशिरा आला म्हणून बायकोवर. चिडचिडीला या फॉर्ममध्ये जागाच नाही. हा त्यातला ठळक दोष, आणि युनिटमध्ये ज्याला ‘भांडखोर पेशंट’ म्हणतात तो यातून बिनबोभाट निसटतो. भीतीलाही जागा नाही. एकदा मशीनवर बीपी पडून शुद्ध हरपलेल्या माणसाला पुढच्या वेळी अलार्म वाजला तरी घाम फुटतो. त्यासाठी याच घराण्यातला जीएडी-७ हा चिंता मोजणारा सात प्रश्नांचा, २१ गुणांचा फॉर्म जोडीला घ्यावा. तोही फुकट आहे.

सहाव्या प्रश्नात आपण अपयशी ठरलो, घरच्यांना तोंडघशी पाडलं असं वाटतं का, हे विचारतात. मूळ प्रश्नाचा रोख अपयशावर आहे. इथल्या माणसाच्या मनात मात्र शब्द असतो ‘ओझं’. माझ्यापायी पोराचं शिक्षण थांबलं, जमीन विकली, बायकोला कामावर दांड्या माराव्या लागतात. ‘घरच्यांवर ओझं झालोय असं वाटतं का?’ असं विचारलं की खरा गुण मिळतो. घरातल्या कुणाची किडनी घेऊन ती टिकली नाही आणि परत मशीनवर आलेल्या माणसाला हा प्रश्न घाईत विचारू नये.

नववा प्रश्न मरण बरं असं वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याकडे पुढे येऊ.

आता दोन फॉर्म शेजारी ठेवू. उदाहरणं कल्पित आहेत, बेरीज खरी. पहिल्याचे गुण: ०, ०, ३, ३, ३, ०, २, १, ०. दुसऱ्याचे: ३, २, १, १, ०, ३, १, ०, १. दोघांची बेरीज १२. पहिल्याचे सगळे बारा गुण शरीराच्या प्रश्नांतले: आठवड्याला तीनऐवजी दोनच डायलिसिस, रात्रभर खाज, हिमोग्लोबिन आठ. त्याला मानसोपचाराआधी नेफ्रॉलॉजिस्टची (किडनीतज्ज्ञाची) गरज आहे. दुसऱ्याचे नऊ गुण मनाच्या चार प्रश्नांतले, आणि नवव्याला शून्य नाही. त्याच्याशी त्याच दिवशी, सुई काढून तो घरी जायच्या आत बोललं पाहिजे. फाइलमध्ये नुसतं ‘पीएचक्यू-९: १२’ असं लिहिणाऱ्या युनिटला हे दोघे सारखेच दिसतील.

म्हणून बेरजेखाली दोन उपबेरजा लिहाव्यात: प्रश्न १, २, ६, ९ ची बारापैकी, बाकी पाचांची पंधरापैकी. ही विभागणी फॉर्मच्या कर्त्यांची नाही, कामाची सोय आहे. त्यावर निदान ठरवू नये. कर्त्यांनी स्वतः दिलेली दुसरी कसोटी मात्र आहे आणि ती बहुतेक जण विसरतात: किमान पाच प्रश्नांना २ किंवा जास्त गुण हवेत, त्यात पहिला किंवा दुसरा असलाच पाहिजे, आणि नवव्याला १ असला तरी तो धरायचा. वरचा पहिला माणूस या कसोटीत बसतच नाही. दुसराही पाचांपर्यंत पोचत नाही, चारच होतात. पण नववा प्रश्न कुठल्याही कसोटीची वाट बघत नाही.

फॉर्म कधी भरायचा? लांब सुट्टीनंतरचा दिवस टाळावा. सोम-बुध-शुक्रवाल्याचा सोमवार, मंगळ-गुरु-शनिवाल्याचा मंगळवार: त्या दिवशी अंगात पाणी साठलेलं, धाप लागलेली, सगळेच गुण फुगतात. मधला दिवस घ्यावा. मशीनला लावून अर्धा-पाऊण तास झाला, बीपी दोनदा ठीक आलं, की सुरुवात करावी. शेवटचा तास नको. त्यात गोळे, बीपी आणि घरी जायची घाई. ‘निम्म्याहून जास्त दिवस’ यावर बहुतेक जण अडतात. तेव्हा सरळ सांगावं: चौदातले आठ किंवा जास्त. आठवड्याला तीनदा येणाऱ्याला ‘मागच्या सहा डायलिसिसपासून आतापर्यंत’ म्हटलं की दोन आठवडे लगेच डोळ्यांपुढे येतात. मात्र उत्तर सगळ्या दिवसांचं घ्यायचं, मशीनच्या दिवसांचं नव्हे.

लिहायचं कुणी? ज्या हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) त्यात सुया, तो हात हलवायचा नाही. तो उजवा असेल तर फॉर्म दुसऱ्याने भरणं आलं. आणि खाटा इतक्या जवळ की शेजारच्याला सगळं ऐकू जातं. यावर साधा उपाय: चार उत्तरं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड समोर धरायचं, प्रश्न हळू आवाजात विचारायचा, रुग्णाने मोकळ्या हाताची बोटं दाखवायची: मूठ म्हणजे शून्य, पुढे एक, दोन, तीन. नववा प्रश्न तर मोठ्याने विचारूच नये, त्यावर बोट ठेवून दाखवावा. वाचता येत नसेल तर पडदा ओढून कानाशी. नातेवाइकांना तेवढा वेळ चहाला पाठवावं. ‘नाही हो, त्यांना काही टेन्शन नाही’ हे उत्तर सहसा रुग्णाचं नसतं.

टेक्निशियनकडे एका वेळी तीन-चार मशीन असतात. त्याच्यावर हे काम टाकलं की फॉर्म दहा मिनिटांत दहा भरून येतात, सगळे शून्य-एकच्या मधले. मोठ्या आणि धर्मादाय रुग्णालयांत योजनेची कागदपत्रं बघणारे समाजसेवा विभागाचे लोक असतात. रुग्ण त्यांच्याशी पैशाचं बोलतोच, मनाचंही बोलतो. ते नसतील तर एक ठरावीक सिस्टर, नेहमी तीच.

तेवढाही वेळ नसेल तर पीएचक्यू-२ आहे: पहिले दोनच प्रश्न, सहापैकी तीन झाले की पुढचे सात विचारायचे. डायलिसिसमध्ये ही धाकटी आवृत्ती एका अर्थी जास्त शहाणी आहे, कारण शरीराचे पाच प्रश्न तिच्यात नाहीतच. फक्त नववाही नाही, आणि ही उणीव छोटी नाही.

नववा प्रश्न. इथे १ सुद्धा आला, एकूण बेरीज ४ असली, तरी बोलायचं. डायलिसिसमध्ये त्याचे तीन निरनिराळे अर्थ निघतात. एक: ‘देवाने आता उचललं तर बरं’, ही दमलेली इच्छा. दोन: ‘आता मशीन नको’, हा निर्णय असू शकतो किंवा नैराश्याची भाषा, नैराश्यावर उपचार करून पाहिल्याशिवाय तो निर्णय म्हणून स्वीकारू नये, आणि वेडेपणा म्हणून उडवूनही लावू नये. तीन: स्वतःला इजा करायचा प्रत्यक्ष विचार. फरक कळायला सरळ विचारावं लागतं: असं काही करायचं मनात येतं का, कसं ते ठरवलंय का, आधी कधी केलं होतं का, घरात सोबत कोण असतं. विचारल्याने विचार डोक्यात भरतो हा समज चुकीचा आहे. बेत ठरलेला वाटला तर रुग्णाला एकट्याने घरी सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं, घरच्या औषधांचा डबा आणि शेतावरची औषधं दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला सांगायची. रात्री-अपरात्रीसाठी १४४१६: केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येतं. हा नंबर फॉर्मच्या खालीच छापून घ्यावा आणि तेवढा तुकडा फाडून रुग्णाच्या हातात द्यावा.

दोन डायलिसिस लागोपाठ चुकवलेला रुग्ण आला की पुढच्या तारखेची वाट न बघता फॉर्म त्याच दिवशी काढावा.

कागदाच्या पुढचा रस्ता हा यातला सर्वांत कच्चा भाग, पण दोष कागदाचा नाही. दहा किंवा जास्त गुण आले की आधी शरीराची यादी तपासायची: हिमोग्लोबिन, डायलिसिसचा पुरेपणा (युरिया किमान ६५ टक्के उतरतो का), सोडियम, थायरॉइड, औषधं. दोन आठवड्यांनी परत फॉर्म. तरी दहा किंवा जास्त असेल, किंवा मनाचे चार प्रश्न पहिल्यापासूनच जड असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली ते मिळतात, मात्र चिठ्ठीवर ‘डायलिसिसवर, वार अमुक’ असं ठळक लिहून द्यावं. कारण औषधांची निवड बदलते: ड्युलोक्सेटिन इथे टाळतात, लिथियम डायलिसिसमध्ये धुऊन निघतं, सिटालोप्रामने हृदयाच्या ठोक्यांची भीती असते. सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी बहुधा २५ मिलिग्रॅमपासून सुरू होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत डायलिसिसवरच्या १२० जणांपैकी निम्म्यांना सर्ट्रालिन आणि निम्म्यांना खाटेवरच बसून समुपदेशन दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांना बरं वाटलं, गोळीने किंचित जास्त, पण दुष्परिणामही गोळीचेच जास्त. म्हणजे खाटेवरचे ते चार रिकामे तास समुपदेशनाला चालतात. आपल्याकडे ते तास मोबाइलवरच्या रील्सना जातात, कारण युनिटमध्ये समुपदेशकाची जागाच नसते.

पर्यायांचं थोडक्यात. बेकचा नैराश्य मोजणारा २१ प्रश्नांचा फॉर्म विकत घ्यावा लागतो आणि डायलिसिसमध्ये त्याची रेघ वर सरकवावी लागते. एचएडीएस (हॉस्पिटल अँग्झायटी अँड डिप्रेशन स्केल) मुद्दाम शरीराची लक्षणं टाळून बनवलाय, चिंता आणि नैराश्य दोन्ही सात-सात प्रश्नांत मोजतो, त्यामुळे कागदावर तो इथे जास्त योग्य. पण त्यालाही परवाना लागतो. फुकटात, मराठीत आणि इतक्या कमी वेळात पीएचक्यू-९ ला तोड नाही. या फॉर्मला माझे गुण पाचपैकी साडेतीन. दर सहा महिन्यांनी त्याच माणसाचा, त्याच वाराला, त्याच सिस्टरने भरला तर चार, कारण तेव्हा आकड्यापेक्षा आकड्यातला फरक बोलतो: नेहमी सहावर असणारा अकरावर गेला तर ते नेहमी बारावर असणाऱ्यापेक्षा जास्त गंभीर.

झेरॉक्स काढताना एक बघावं. नऊ प्रश्नांच्या खाली गुण नसलेला आणखी एक प्रश्न असतो: या त्रासांमुळे काम, घर, माणसं सांभाळणं किती अवघड गेलं? फोटोवरून फोटो काढत गेलेल्या प्रतींत तळाची ही ओळ कापली जाते. ‘दुकानात बसतो, पण दुपारी बंद करतो’, ‘स्वयंपाक सुनेकडे दिला’, ‘दुपारच्या शिफ्टमुळे नोकरी गेली’ ही उत्तरं तिथेच येतात. शेवटच्या उत्तराला तर गोळीही लागत नाही. संध्याकाळच्या शिफ्टला एक मशीन मोकळं आहे का, एवढंच बघावं लागतं.